रात्री अकरा ते पहाटे पाच : फ्रँकफर्ट विमानतळाच्या मध्यस्थीची हकिगत

फ्रँकफर्ट विमानतळ आणि भोवतालची गावं यांच्यातल्या मध्यस्थीचा इतिहास 1998 पासून सांगणं सोयीचं आहे. त्या वर्षी तीन मध्यस्थ नेमले गेले, बैठका भरू लागल्या, इतिवृत्तं लिहिली जाऊ लागली. पण एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका टेबलाशी बसायला तयार का झाली, याचं उत्तर 1998 च्या कागदांत नाही. त्यासाठी वाल्डॉर्फ गावाशेजारच्या जंगलात जावं लागतं.

विमानतळ 1936 चा. सुरुवातीला इथून झेपेलिनची अजस्र हवाई जहाजं सुटत. युद्धानंतर तो अमेरिकनांचा तळ झाला, आणि 1948-49 मध्ये रशियन नाकेबंदीत अडकलेल्या बर्लिनला इथून विमानांनी रसद गेली. दोन समांतर धावपट्ट्यांवर भागेना, म्हणून साठच्या दशकात तिसरीचा, म्हणजे ‘पश्चिम धावपट्टी’चा बेत झाला. 1971 च्या मंजुरीपत्रात शासनाने एक वाक्य घातलं होतं : यानंतर आणखी धावपट्टीला कोणत्याही परिस्थितीत परवानगी मिळणार नाही. हे वाक्य पुढे तीस वर्षं लोकांच्या तोंडी राहिलं, शासनाच्या मात्र स्मरणात राहिलं नाही.

पश्चिम धावपट्टीसाठी जंगल तोडायचं होतं. कोर्टकचेऱ्या संपेपर्यंत 1980 उजाडलं आणि म्योर्फेल्डन-वाल्डॉर्फच्या लोकांनी त्या जंगलातच झोपड्या बांधल्या, लाकडी चर्चसुद्धा उभारलं. ही काही शहरातून आलेली क्रांतिकारक पोरं नव्हती. निवृत्त कामगार, शिक्षक, गृहिणी, पाद्री असे गावचेच लोक त्यात मोठ्या संख्येने होते. 2 नोव्हेंबर 1981 रोजी पोलिसांनी ती वस्ती उठवली. बाराव्या दिवशी राज्याची राजधानी वीसबाडेनमध्ये लाखाच्या वर माणसं जमली, आणि या प्रश्नावर जनतेचा कौल घ्यावा अशी 2,20,000 सह्यांची मागणी सादर झाली. विमानवाहतूक हा संघराज्याचा विषय आहे, राज्यातल्या मतदारांना त्यावर कौल देता येत नाही, असं सांगून राज्याच्या घटनात्मक न्यायालयाने जानेवारी 1982 मध्ये ती फेटाळली. एप्रिल 1984 मध्ये धावपट्टी सुरू झाली. त्यानंतरही लोक दर रविवारी कुंपणाच्या भिंतीपर्यंत चालत जात राहिले. 2 नोव्हेंबर 1987 रोजी, वस्ती उठवल्याच्या सहाव्या स्मृतिदिनी, निदर्शकांच्या गर्दीतून गोळ्या सुटल्या आणि दोन पोलीस ठार झाले. आंदोलन तिथेच मोडलं. सरकार जिंकलं म्हणावं, तर असा विजय पुन्हा कुठल्याच सरकारला नको होता.

म्हणून 1997 च्या अखेरीस लुफ्तहान्साचे प्रमुख युर्गन वेबर यांनी चौथ्या धावपट्टीची मागणी जाहीरपणे केली, तेव्हा मुख्यमंत्री हान्स आयशेल यांच्यापुढे मोठा पेच आला. त्यांचं सरकार सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन या दोन पक्षांचं. यातल्या एकाचे मतदार विमानतळावर नोकरीला, तर दुसऱ्याचे भिंतीपाशी मोर्चाला. ‘हो’ म्हटलं तर सरकार पडणार, ‘नाही’ म्हटलं तर रोजगाराचा प्रश्न उभा राहणार. मध्यस्थीची कल्पना या अडचणीतून आली. ती दूरदृष्टीतून आली असं स्मरणिकांमध्ये लिहितात, पण अडचणीतून आलेली कल्पना वाईटच असते असं नाही.

मध्यस्थ तिघे होते. फ्रांक नीटहामर हे फ्रँकफर्टच्या उद्योग-व्यापार मंडळाचे अध्यक्ष. विमानतळ वाढावा असं मानणाऱ्या वर्गातले. कुर्ट ओएझर हे म्योर्फेल्डनचे प्रोटेस्टंट पाद्री, चर्चतर्फे पर्यावरणाचं काम पाहणारे, पश्चिम धावपट्टीचे जाहीर विरोधक. तिसरे क्लाउस हेन्श, युरोपीय संसदेचे माजी अध्यक्ष. मध्यस्थ तटस्थ हवा हे तत्त्व पाठ्यपुस्तकातलं पहिलं तत्त्व आहे, आणि इथे तिघांतले दोघे उघडपणे पक्षपाती. मला ही निवड या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. इतक्या कडवट वैरानंतर ‘मी कुणाचाच नाही’ म्हणणाऱ्यावर कुणाचाच विश्वास बसला नसता. प्रत्येक बाजूला आपला एक माणूस खुर्चीत दिसला की निदान खोलीत यायला तरी पाय उचलतो.

तरीही सगळे आले नाहीत. विमानतळ कंपनी, लुफ्तहान्सा, हवाई वाहतूक नियंत्रण, उद्योग मंडळं, कामगार संघटना, मंत्रालयं आणि आसपासच्या गावांचे नगराध्यक्ष असे सगळे आले. पर्यावरण संघटना आणि नागरिकांच्या आघाड्या यांनी मात्र बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं होतं की निकाल आधीच ठरला आहे. मध्यस्थांना दिलेला प्रश्न पाहिला तर त्या म्हणण्यात तथ्य दिसतं. राइन-माइन परिसराची आर्थिक ताकद आणि रोजगार टिकवून वाढवायला विमानतळ कोणत्या अटींवर हातभार लावू शकेल, आणि तेही वस्त्यांवरचा पर्यावरणाचा भार दुर्लक्षित न करता, असा काहीसा तो प्रश्न होता. वाढ करावी की नाही, हे त्यात विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते फक्त कोणत्या अटींवर. ज्याच्या घरावरून विमानं जाणार त्याला हा फरक लगेच कळतो.

काम कसं चाले हे जरा तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण या मध्यस्थीची पुढची सगळी घडण त्यातून झाली. आपल्याकडे प्रकल्पाच्या बाजूने एक अहवाल असतो, विरोधात दुसरा, आणि दोघे आपापला अहवाल हलवत वाहिन्यांवर भांडतात. इथे ठरलं असं की कोणता विषय तपासायचा, नेमका प्रश्न काय आणि तो कुणाकडे द्यायचा, हे दोन्ही बाजूंनी मिळून आधी ठरवायचं. अहवाल आला की तो आणखी एका तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा आणि मगच त्यावर बोलायचं. वैज्ञानिक बाजू पाहायला नेमलेल्यांत ‘ओको-इन्स्टिट्यूट’ होती. ही संस्था 1977 मध्ये अणुऊर्जेविरुद्धच्या आंदोलनातून निघालेली, म्हणजे तिच्यावर ‘विमानतळवाल्यांची’ असा शिक्का मारणं अवघड. धावपट्टी कुठे टाकता येईल याचे एकामागून एक पर्याय असे तपासले गेले : वायव्येला, ईशान्येला, दक्षिणेला. मधेच, फेब्रुवारी 1999 मध्ये, आयशेल निवडणूक हरले आणि ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे रोलांड कोख मुख्यमंत्री झाले. मध्यस्थी मात्र चालू राहिली. सरकार बदललं की आधीच्यांच्या समित्या गुंडाळायच्या, ही सवय इथे आड आली नाही.

31 जानेवारी 2000 रोजी अहवाल आला. त्यात पाच कलमं होती. असलेल्या विमानतळाचा अधिक चांगला वापर, नवी धावपट्टी, रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणबंदी, गोंगाट कमी करण्याचा करार, आणि हे सगळं पुढे नेण्यासाठी एक कायमचा संवादमंच. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या पाचांच्या बाहेर, प्रस्तावनेसारखी लिहिलेली होती : ही पाचही कलमं एकत्रच घ्यायची, सुटी करायची नाहीत. धावपट्टी हवी असेल तर रात्रीची शांतता द्या, हा खरा सौदा. नगराध्यक्षांनी आपापल्या गावात परत जाऊन तोंड दाखवलं ते याच वाक्याच्या बळावर. मुख्यमंत्री कोख यांनीही रात्रीच्या बंदीशिवाय विस्तार नाही, असं वचन दिलं.

संवादमंच त्याच वर्षी सुरू झाला. अध्यक्ष झाले डार्मश्टाट तंत्रविद्यापीठाचे कुलगुरू योहान-डीट्रिश वोर्नर, पेशाने स्थापत्य अभियंते. (पुढे ते युरोपीय अवकाश संस्थेचे महासंचालक झाले. अवकाशात शेजारी कमी.) आठ वर्षं हा मंच चालला. गोंगाट, आरोग्य, घरांच्या किमती, रात्रीच्या मालवाहतुकीचं अर्थकारण अशा विषयांवर अहवालांचा ढीग लागला. तोवर वायव्येच्या धावपट्टीची जागा शेजारच्या केल्स्टरबाख गावाच्या जंगलात पक्की झाली होती. तिच्या वाटेत एक रसायन कारखाना येत होता. विमानं त्याच्यावरून उतरणं धोक्याचं, असं सुरक्षा आयोगाने सांगितल्यावर विमानतळ कंपनीने जवळपास 67 कोटी युरो मोजून तो कारखाना दुसरीकडे हलवायचं कबूल केलं. रहिवाशांच्या वाट्याला खिडक्यांच्या दुहेरी काचा आल्या. हा हिशेब केल्स्टरबाखमध्ये कुणी विसरलेलं नाही असं मानायला हरकत नाही.

आणि मग सौदा मोडला. तोही राज्य सरकारनेच मोडला. 18 डिसेंबर 2007 रोजी नव्या धावपट्टीची मंजुरी निघाली, तिच्यात रात्री अकरा ते पाच या वेळेत सरासरी 17 उड्डाणं मंजूर होती. लुफ्तहान्साच्या मालवाहू विमानांना रात्रीशिवाय धंदा नाही, असा युक्तिवाद होता. सतरा हा आकडा काही मोठा नाही. पण आठ वर्षं ज्या एका शब्दावर सगळं उभं होतं तो शब्द ‘नाही’ होता, ‘थोडी’ नव्हता. मध्यस्थीने हाती काय लागलं, असं विरोधक विचारू लागले. केल्स्टरबाखच्या जंगलात 2008 मध्ये पुन्हा तंबू पडले आणि फेब्रुवारी 2009 मध्ये पोलिसांनी ते उठवले. 1981 ची आठवण सगळ्यांनाच झाली असणार. सुदैवाने 1987 ची पुनरावृत्ती झाली नाही.

गावं कोर्टात गेली. कासेलच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्ट 2009 मध्ये सांगितलं की ही सतरा उड्डाणं टिकणारी नाहीत. कायद्यात रात्रीच्या झोपेला खास संरक्षण आहे, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मध्यस्थीच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे : मध्यस्थीतलं रात्रबंदीचं कलम राज्याच्या विकास आराखड्यात उतरलेलं होतं. गप्पांच्या टेबलावरचा कागद सरकारी आराखड्यात शिरला, म्हणून न्यायालयाला त्यावर बोट ठेवता आलं. नवी धावपट्टी सुरू व्हायला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले असताना, ऑक्टोबर 2011 मध्ये, कासेलने रात्रीची उड्डाणं तातडीने थांबवली. 21 ऑक्टोबरला चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांचं विमान पहिल्यांदा त्या 2800 मीटरच्या पट्टीवर उतरलं. 4 एप्रिल 2012 रोजी लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रात्रबंदी कायम केली आणि दहा ते अकरा व पाच ते सहा या कडेच्या तासांनाही सरासरी 133 उड्डाणांची मर्यादा मान्य केली.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान फ्रँकफर्टला सकाळी का पोचतं, याची कारणं अनेक आहेत. पहाटे पाचच्या आधी तिथे उतरायची वेळ कुणाला मिळतच नाही, हे त्यातलं एक. रात्रीच्या टोकाला हा नियम अधिक झोंबतो. उन्हाळ्यात वादळ आलं, दुपारची उड्डाणं लांबली, की रात्री साडेदहानंतर टॅक्सीवेवर रांग लागते. अकराच्या आत चाकं सुटली नाहीत आणि खास परवानगीही मिळाली नाही, तर विमान परत गेटवर येतं आणि प्रवासी हॉटेलची चिठ्ठी घेऊन उतरतात. विमान कंपन्या वैतागतात. विमानतळाशेजारच्या राउनहाइममध्ये खिडकी उघडी ठेवून झोपलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये यासाठीच तर एवढा खटाटोप.

दरम्यान 2008 मध्ये संवादमंचाची मुदत संपली आणि आजची संस्था आली : ‘फोरुम फ्लुगहाफेन उंड रेगिओन’, विमानतळ आणि परिसर यांचा मंच. त्यात एक मोठी सर्वसाधारण सभा, एक समन्वय परिषद, आवाज मुळातच कमी करण्याच्या उपायांवर काम करणारा तज्ज्ञगट, आणि केल्स्टरबाखमधलं ‘पर्यावरण आणि शेजार भवन’. भवनाचं काम मोजायचं, अभ्यास करवून घ्यायचे आणि ते लोकांपुढे उघडे ठेवायचे. नावात ‘शेजार’ आहे हे मला आवडतं. सरकारी खात्याला हे नाव सुचलं नसतं.

भवनाने करवून घेतलेला सगळ्यात मोठा अभ्यास ‘नोरा’. 2011 ते 2015 अशी वर्षं तो चालला. त्यात 29 प्राथमिक शाळांतल्या 1243 मुलांची तपासणी झाली आणि असं दिसलं की विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की दुसरीतल्या मुलाचं वाचायला शिकणं साधारण महिनाभर मागे पडतं. आरोग्य विम्याच्या नोंदींवरून दहा लाखांहून अधिक लोकांच्या आजारांचा ताळा घेतला गेला. यातून कुणाचंच समाधान झालं नाही, आणि अभ्यास प्रामाणिक असल्याची हीच खूण. विमानांच्या गोंगाटाने रक्तदाब वाढतो असं सगळ्यांना वाटत होतं. तसा परिणाम आढळला नाही. विमानतळवाल्यांना हायसं वाटावं, तर तेवढ्याच डेसिबलला लोक आता पूर्वीपेक्षा जास्त त्रस्त होतात, असंही दिसलं. झोपेचा निष्कर्ष तर विलक्षण आहे. रात्रबंदी आल्यावर विमानामुळे जाग येण्याचं प्रमाण यंत्रावर स्पष्ट कमी झालं, पण सकाळी ताजंतवानं वाटतं का, याच्या उत्तरात सुधारणा दिसली नाही. अनेक वर्षं दुखावलेला माणूस आवाज थांबला म्हणून लगेच गाढ झोपत नाही, एवढंच मी त्यातून समजतो. ते शास्त्र नव्हे, माझा अंदाज.

तज्ज्ञगटाचं काम कमी गाजतं, पण त्यातले बारकावे पाहण्याजोगे आहेत. नव्या धावपट्टीवर उतरताना विमानांनी 3 अंशांऐवजी 3.2 अंशांच्या कोनातून यावं, असा प्रयोग 2012 मध्ये सुरू झाला आणि पुढे नियम झाला. दोन दशांश अंश जास्त कोन म्हणजे खालच्या घरावरून विमान थोडं उंचावरून जातं. कानाला फरक जेमतेम जाणवतो. याच सुमारास एअरबस ए-320 जातीच्या विमानांच्या एका जुन्या खोडीवर उपाय निघाला. या विमानांच्या पंखाखाली इंधनटाकीचा दाब सोडणारी गोल भोकं असतात. उतरताना त्यांच्यावरून हवा वाहते आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा शिट्टीसारखा सूर निघतो. भोकांच्या पुढे तळहाताएवढा धातूचा तुकडा बसवला की हवेचा प्रवाह मोडतो आणि शिट्टी थांबते. लुफ्तहान्साने 2014 पासून ही जोडणी आपल्या विमानांना करायला घेतली. चाळीस वर्षांच्या झगड्यात एवढासा पत्रा, असं कुणी म्हणेल. खालच्या अंगणात बसून तो सूर ओळखणारे लोक असं म्हणत नाहीत.

काही गोष्टी मात्र मध्यस्थीच्या कुठल्याच अहवालात आल्या नव्हत्या. धावपट्टी सुरू झाली आणि फ्लोर्सहाइम व राउनहाइममध्ये छपरांची कौलं उडू लागली. विमानामागे हवेचे भोवरे तयार होतात, ते खाली उतरून कौलं उचकटत होते. शेवटी विमानतळ कंपनीच्या खर्चाने घरोघरच्या कौलांना चाप बसवायचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. दुसरी अनपेक्षित गोष्ट माणसांची. 1998 च्या टेबलाशी जुनी बाधित गावं बसली होती. नव्या वाटांवरून विमानं यायला लागल्यावर फ्रँकफर्टच्या दक्षिणेकडचे सुखवस्तू भाग आणि नदीपलीकडचं, दुसऱ्या राज्यातलं माइंझ जागं झालं. या लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनी काही कबूलही केलं नव्हतं. नोव्हेंबर 2011 पासून दर सोमवारी संध्याकाळी टर्मिनल एकमध्ये शिट्ट्या आणि फलक घेऊन ते जमू लागले. चेक-इनच्या रांगेतले प्रवासी बॅगा सरकवत त्यांच्यातून वाट काढत. मध्यस्थी झालेल्या विमानतळावर आठवड्याचा मोर्चा, हे दृश्य संस्थेच्या मोठेपणाला शोभणारं नसेल. पण त्या मोर्चात कुणाचा जीव गेला नाही, हा 1987 पासूनचा फरक आहे.

राजकारण्यांनीही मग लक्ष घातलं. राज्याचे तेव्हाचे वाहतूकमंत्री, ग्रीन पक्षाचे तारेक अल-वझीर यांनी एप्रिल 2015 पासून ‘गोंगाट-विराम’ सुरू केले. पहाटे एक आणि रात्री दुसरी, अशा धावपट्ट्या आळीपाळीने बंद ठेवून काही भागांना सलग सात तास शांतता मिळवून द्यायची. एका गावाचा विराम म्हणजे त्याच तासात दुसऱ्याच्या डोक्यावर जास्त विमानं, त्यामुळे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. 2017 मध्ये एकूण गोंगाटाला कमाल मर्यादा घालणारा करार झाला.

आता धावपट्टीच्या मुळाशी असलेल्या गरजेबद्दल. मंजुरीच्या कागदांत 2020 साली 7,01,000 विमानफेऱ्या होतील असा अंदाज होता. 2019 मध्ये, विमानतळाने सात कोटींहून अधिक प्रवासी हाताळले त्या वर्षी, फेऱ्या झाल्या सुमारे 5,14,000. विमानं मोठी झाली, भरून जाऊ लागली, फेऱ्या वाढल्या नाहीत. मार्च 2020 मध्ये महामारी आली आणि ज्या पट्टीसाठी जंगल गेलं, कारखाना हलला, कौलांना चाप बसले, तिच्यावर रिकामी विमानं रांगेने उभी करून ठेवली. मंचावर गोंगाट मोजण्याची पद्धत एकमताने ठरली. मागणीचा अंदाज मोजण्याची पद्धत तशी सगळ्यांनी मिळून कधी तपासली असती, तर पहिला प्रश्न कदाचित वेगळा पडला असता.

जर्मनीत मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा जुलै 2012 मध्ये अमलात आला. फ्रँकफर्टचा अहवाल तोवर बारा वर्षांचा होता, आणि त्यातलं रात्रबंदीचं कलम लाइपझिगहून शाबूत परत येऊन चारच महिने झाले होते. 2017 चा गोंगाट-मर्यादेचा करार मात्र अजूनही स्वेच्छेचाच आहे.